समजावण्यातून घडलेले गणित

विद्यापीठ आणि समाज यांच्या संबंधांविषयी बोलताना एक गोष्ट बहुधा गृहीत धरलेली असते; ती अशी की, ज्ञान आधी तज्ज्ञांच्या वर्तुळात पूर्णत्वाला जाते आणि मागाहून त्यातील अवघड भाग वगळून, उरलेला सोपा करून लोकांच्या हाती दिला जातो. गणित आणि सांख्यिकी यांच्या बाबतीत हा समज विशेष पक्का आहे, कारण या विषयांची चिन्हांची भाषा बाहेरच्या माणसाला दारातच अडवते आणि आत जे चालते त्याला बाहेरच्या श्रोत्याकडून काही मिळण्यासारखे असेल, हे कोणाच्या मनातही येत नाही. इंग्लंडमध्ये लोकांसाठी गणित सांगण्याची परंपरा चारशे वर्षांहून अधिक जुनी आहे, आणि तिच्याकडे नीट पाहिले तर उलटा व्यवहारही वारंवार घडलेला दिसतो: श्रोत्यांना कळावे म्हणून शोधलेली मांडणीच पुढे शास्त्राचा भाग झाली, आणि ती शोधताना तज्ज्ञांना आपला विषय नव्याने तपासावा लागला.

या परंपरेचा आरंभ विद्यापीठाच्या बाहेर झाला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस ऑक्सफर्ड आणि केंब्रिज ही इंग्लंडमधील दोन्ही विद्यापीठे राजधानीपासून दूर होती, आणि लंडनमध्ये ज्यांचे पोट हिशेबावर चालत असे ते व्यापारी, दर्यावर्दी आणि नकाशे व उपकरणे बनवणारे कारागीर यांचा त्या विद्यापीठांशी फारसा संबंध येत नसे. सर थॉमस ग्रेशम या धनाढ्य व्यापाऱ्याने मृत्युपत्रात केलेल्या तरतुदीनुसार १५९७ साली लंडनमध्ये ग्रेशम कॉलेज सुरू झाले. सात विषयांची सात अध्यासने, प्रत्येक विषयाची लॅटिनबरोबर इंग्रजीतही व्याख्याने, आणि ऐकायला येणाऱ्याला कसलेही शुल्क नाही, अशी या संस्थेची रचना होती. पदव्या देणे हे तिचे काम तेव्हाही नव्हते आणि आजही नाही. भूमितीच्या अध्यासनावर पहिली नेमणूक झाली ती केंब्रिजमध्ये शिकलेल्या हेन्री ब्रिग्ज यांची.

१६१४ साली स्कॉटलंडमधील जॉन नेपियर यांनी लॉगरिदमची कल्पना प्रसिद्ध केली. लॉगरिदम म्हणजे प्रत्येक संख्येला एक जोडीदार संख्या अशा रीतीने नेमून देण्याची युक्ती, की दोन संख्यांचा गुणाकार करायचा असेल तेव्हा त्यांच्या जोडीदारांची नुसती बेरीज करावी आणि त्या बेरजेचा जोडीदार कोण हे कोष्टकात पाहावे. समुद्रावर ताऱ्यांच्या कोनांवरून जहाजाची जागा काढणाऱ्यांचे आणि खगोलगणित करणाऱ्यांचे कितीतरी तासांचे काम त्यामुळे वाचू लागले. नेपियर यांची मूळ मांडणी कोनांच्या गणिताशी बांधलेली होती आणि रोजच्या आकडेमोडीला ती अडचणीची होती. ग्रेशम कॉलेजमधील श्रोत्यांना हा विषय समजावून सांगत असताना, या जोडीदार संख्यांची सांगड दहाच्या पटींशी घातली तर सारे फार सोयीचे होईल, असे ब्रिग्ज यांच्या ध्यानात आले, आणि तसे त्यांनी पुढे स्वतःच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत नोंदवूनही ठेवले. १६१५ च्या उन्हाळ्यात ते एडिंबरोला जाऊन नेपियर यांना भेटले. नेपियर यांच्याही मनात असाच बदल घोळत होता, आणि एकचा लॉगरिदम शून्य धरावा ही सुधारणा त्यांनी सुचवली. १६२४ साली ब्रिग्ज यांनी तीस हजार संख्यांची, प्रत्येकी चौदा दशांश स्थळांपर्यंतची कोष्टके छापली. गणकयंत्रे स्वस्त होईपर्यंत भारतातील विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी ज्या ‘लॉग टेबल’च्या पुस्तिका झिजवल्या, त्या याच दशमान पद्धतीच्या होत्या. व्याख्यान ऐकायला आलेल्या लंडनकरांची नावे इतिहासात राहिली नाहीत. त्यांच्यासमोर बोलताना सुचलेली सुधारणा मात्र साडेतीनशे वर्षे वापरात राहिली.

१८९१ साली ग्रेशमचे तेच भूमितीचे अध्यासन कार्ल पिअर्सन यांच्याकडे आले, तेव्हा ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये उपयोजित गणिताचे प्राध्यापक होते. दिवसा तेथे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकवायचे आणि ग्रेशममध्ये शहरातील कचेऱ्यांत काम करणाऱ्या कारकुनांसारख्या मिश्र श्रोत्यांसमोर बोलायचे, असा त्यांचा क्रम होता. या दुसऱ्या वर्गाला उच्च गणिताची सूत्रे दाखवून काही साधणार नव्हते. त्यामुळे पिअर्सन यांनी भूमिती या शब्दाचा अर्थ सैल करून आकडेवारीची चित्रे हा विषय घेतला आणि पुढे नाणेफेक, सोडती व माँटे कार्लोच्या जुगारघरातील चक्राचे आकडे यांच्या आधारे संभाव्यतेचे नियम सांगितले. हिस्टोग्राम हा शब्द त्यांनी याच व्याख्यानांत प्रथम वापरला. हिस्टोग्राम म्हणजे गोळा केलेल्या मापांचे लहान लहान गट पाडून प्रत्येक गटात किती मापे पडली ते उभ्या आयतांनी दाखवणारी आकृती. शाळेच्या पुस्तकात तिला आयतालेख म्हणतात. प्रमाण विचलन ही संज्ञाही १८९३ मध्ये त्यांनी ग्रेशमच्या श्रोत्यांसमोरच मांडली. वर्गातील मुलांची सरासरी उंची सांगितल्याने सगळी मुले त्या सरासरीच्या आसपास आहेत की काही फार उंच आणि काही फार बुटकी आहेत हे कळत नाही. मापे सरासरीपासून साधारणपणे किती लांब पसरली आहेत हे एका आकड्यात सांगणारे परिमाण म्हणजे प्रमाण विचलन. आज आकडेवारीवर आधारलेला संशोधनप्रबंध या दोन साधनांशिवाय सहसा पुरा होत नाही.

पिअर्सन यांचा वारसा निर्भेळ नाही, हे येथेच सांगणे प्राप्त आहे. मानवी वंशाची ‘सुधारणा’ करू पाहणाऱ्या सुजननशास्त्राचे ते कट्टर पुरस्कर्ते होते आणि वंशश्रेष्ठत्वाविषयीची त्यांची मते आज वाचवत नाहीत. तरीही १९०१ साली त्यांनी फ्रान्सिस गॉल्टन आणि वॉल्टर वेल्डन यांच्याबरोबर सुरू केलेल्या ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकाचा धागा भारतापर्यंत येतो. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमध्ये भौतिकशास्त्र शिकलेले प्रशांतचंद्र महालनोबिस १९१५ मध्ये मायदेशी निघाले, तेव्हा हे अंक त्यांच्या हाती पडले. त्यांनी ते सोबत घेतले आणि सांख्यिकी हाच पुढे त्यांचा विषय झाला. १९३१ मध्ये त्यांनी कोलकात्यात स्थापन केलेली भारतीय सांख्यिकी संस्था आणि तिच्यामागून आलेली राष्ट्रीय नमुना पाहणी यांच्याविना स्वतंत्र भारताच्या नियोजनाचे चित्र पुरे होत नाही.

विसाव्या शतकात गणित अधिकाधिक अमूर्त होत गेले आणि विद्यापीठांचे लोकांना गणित सांगण्याच्या कामावरचे लक्षही उडाले. केंब्रिजचे जी. एच. हार्डी यांनी १९४० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या आत्मसमर्थनपर पुस्तकात गणिताविषयी लिहिणे, समजावून सांगणे हे दुय्यम दर्जाच्या बुद्धीचे काम ठरवले. गंमत अशी की, त्या पुस्तकाने गणिताकडे जितके सामान्य वाचक ओढले तितके फार थोड्या पुस्तकांनी ओढले असतील. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ पासून नाताळात मुलांसाठी विज्ञानव्याख्याने होत आली; त्यांत गणिताला पहिली जागा मिळाली ती थेट १९७८ साली, वॉरिक विद्यापीठाचे क्रिस्टोफर झीमन यांच्या रूपाने, आणि २०१९ पर्यंत गणितावरच्या अशा मालिका चारच झाल्या. झीमन स्वतः स्थानविज्ञान, म्हणजे आकृती ताणली-वाकवली तरी जे गुणधर्म टिकतात त्यांचा अभ्यास, या शाखेतील नामांकित संशोधक होते, त्यामुळे त्यांना दुय्यम बुद्धीचे म्हणण्याची सोय कोणाला उरली नाही. दूरचित्रवाणीवरून दाखवलेल्या त्यांच्या व्याख्यानांना मिळालेल्या प्रतिसादातून १९८१ पासून शाळकरी मुलांसाठी शनिवार सकाळचे गणितवर्ग सुरू झाले, ते आजतागायत चालू आहेत.

केंब्रिज विद्यापीठाचा मिलेनियम मॅथेमॅटिक्स प्रोजेक्ट १९९९ मध्ये उभा राहिला तो या बदललेल्या वातावरणात. गणित विभाग आणि शिक्षणशास्त्र विभाग यांनी एकत्र येऊन चालवायचा हा उपक्रम होता, आणि १९९६ चा ‘एनरिच’ हा शाळांसाठीचा कोड्यांचा संग्रह व १९९७ चे ‘प्लस’ हे गणितविषयक नियतकालिक हे आधीपासूनचे दोन प्रयत्न त्यात सामील झाले. त्याचे नेतृत्व विश्वरचनाशास्त्रज्ञ जॉन बॅरो यांनी २०२० साली मृत्यू येईपर्यंत केले. ग्रेशम कॉलेजची खगोलशास्त्र आणि भूमिती ही दोन्ही अध्यासने त्यांनी वेगवेगळ्या काळात भूषवली होती.

एनरिचच्या कोड्यांमागचे सूत्र असे की, प्रश्नात शिरायला उंबरठा अगदी बुटका असावा, पण आत गेल्यावर छत हाताला लागू नये. उदाहरणार्थ, लागोपाठच्या धन पूर्णांकांची बेरीज करून कोणकोणत्या संख्या मिळतात, एवढाच प्रश्न घ्यावा. बेरीज येणाऱ्या कोणत्याही मुलाला ९ म्हणजे ४ अधिक ५, आणि २, ३ व ४ यांची बेरीजही ९, हे सापडते. थोड्या वेळाने १५ ही संख्या ७ व ८, ४-५-६ आणि १ ते ५ अशा तीन रीतींनी मिळते हे कळते. मग कोणीतरी ८ घेऊन बसते आणि काही केल्या ती मिळत नाही. १६ ही मिळत नाही, ३२ ही नाही. येथपर्यंत आलेल्या मुलाला, दोननेच गुणत गेल्यावर मिळणाऱ्या संख्या या खेळात का बसत नाहीत, हा खरा प्रश्न पडतो आणि त्याचे उत्तर विषम विभाजकांत दडलेले आहे: संख्येला एकपेक्षा मोठे जितके विषम विभाजक, तितक्या रीतींनी ती लागोपाठच्या धन पूर्णांकांची बेरीज म्हणून लिहिता येते. १५ चे असे विभाजक ३, ५ आणि १५ हे तीन. ८ ला एकही नाही. उत्तर आधी सांगून टाकले असते तर ते एका ओळीचे काम होते. ते न सांगता, कोणत्या क्रमाने उदाहरणे पुढे आली म्हणजे मूल स्वतः ‘का?’ असे विचारील याची आखणी करणे हे कौशल्याचे काम आहे, आणि ते कौशल्य संशोधक-गणितज्ञाला आपोआप येते असे मानण्याला आधार नाही. गणित विभागाला शिक्षणशास्त्र विभागाची गरज लागली ती येथे.

‘प्लस’च्या अंकांत मराठी वाचकाला ओळखीचे एक नाव भेटते. मार्च २००६ मध्ये जपानी गणितज्ञ युताका निशियामा यांचा ६१७४ या संख्येवरचा लेख तेथे प्रसिद्ध झाला. ही संख्या देवळालीचे शाळाशिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ साली शोधली होती. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान वजा करावी आणि येणाऱ्या उत्तरावर तीच क्रिया पुन्हा करावी. जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येते आणि पुढे तेच येत राहते. १९४७ घेतले तर ९७४१ मधून १४७९ वजा जाऊन ८२६२, त्यावरून ६३५४, मग ३०८७, मग ८३५२ आणि पाचव्या खेपेला ६१७४. तीन अंकी संख्यांसाठी असाच मुक्काम ४९५ वर पडतो. दोन अंकी संख्यांत मात्र मुक्कामच नाही, तेथे ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९ असे चक्र फिरत राहते.

पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या कापरेकरांना १९२७ साली रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले होते, आणि हे परांजपे १८९९ साली केंब्रिजच्या गणित परीक्षेत पहिले आलेले पहिले भारतीय. असे असूनही कापरेकरांकडे पदव्युत्तर पदवी नव्हती आणि त्यांचे काम दशमान लेखनावर अवलंबून असल्यामुळे, म्हणजे संख्या दुसऱ्या पायावर लिहिली की निष्कर्ष बदलत असल्यामुळे, पुष्कळ व्यावसायिक गणितज्ञांना ते करमणुकीपुरतेच वाटले. अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि मग त्यांचे नाव जगभर झाले. गार्डनर यांच्याकडे तर गणिताची पदवीही नव्हती. व्यावसायिक वर्तुळाने बाजूला ठेवलेली संख्या लोकांसाठीच्या लेखनाने वर काढली, आणि अखेर विद्यापीठाच्या नियतकालिकानेही तिला जागा दिली. लोकांना गणित सांगण्याच्या चळवळीत ‘विद्यापीठातून बाहेर’ ही एकच दिशा मानली की अशा माणसांची नोंद हुकते.

कोडी आणि चमत्कारिक संख्या यांनी कुतूहल जागे होते. परंतु नागरिकाला रोज गाठतात ते आकडे वेगळ्या जातीचे असतात, आणि गणिताच्या लोकशिक्षणातला कठीण भाग, या लेखाच्या मते अधिक निकडीचा भागही, तेथे सुरू होतो. १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटनच्या औषधसुरक्षा समितीने डॉक्टरांना इशारा दिला की, काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याची जोखीम दुप्पट होते. बातमी खरी होती. सात हजार स्त्रियांत जेथे एकीला हा त्रास होत असे, तेथे नव्या गोळ्यांनी दोघींना होऊ लागला होता. दुप्पट हा शब्द दोन जोखमींचे गुणोत्तर सांगतो, त्याला सापेक्ष जोखीम म्हणतात. सात हजारांत एक जास्त हा प्रत्यक्षातला फरक, म्हणजे निरपेक्ष जोखमीतील वाढ. वृत्तपत्रांनी पहिला आकडा उचलला, घाबरलेल्या असंख्य स्त्रियांनी गोळ्या अचानक बंद केल्या, आणि पुढच्या वर्षी इंग्लंड व वेल्समध्ये अंदाजे तेरा हजार गर्भपात अधिक झाले. गर्भारपणात गुठळ्यांची जोखीम त्या गोळ्यांपेक्षाही जास्त असते, ही त्यातली सर्वांत क्रूर बाब. या प्रकरणात कोणी खोटे बोलले नव्हते आणि कोणाची आकडेमोडही चुकली नव्हती. आकडा कोणत्या रूपात सांगितला एवढ्यावरून इतके घडले.

आकड्याच्या रूपाचा हा प्रश्न बर्लिनमधील मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेन्झर यांनी पद्धतशीरपणे तपासला. स्तनाच्या कर्करोगाच्या चाळणी-तपासणीचे उदाहरण त्यासाठी नेहमी घेतले जाते. टक्केवारीच्या भाषेत ते असे मांडतात: तपासणीस येणाऱ्या स्त्रियांपैकी १ टक्का स्त्रियांना रोग असतो, रोग असलेल्यांपैकी ९० टक्के स्त्रियांत तपासणी तो दाखवते आणि रोग नसलेल्यांपैकी ९ टक्के स्त्रियांतही चुकून दाखवते, तर तपासणीत दोष निघालेल्या स्त्रीला खरोखर रोग असण्याची शक्यता किती? २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १६० स्त्रीरोगतज्ज्ञांना हे विचारले असता केवळ २१ टक्के तज्ज्ञांनी योग्य पर्याय निवडला, तर बहुसंख्य तज्ज्ञांनी दहापैकी आठ-नऊ जणींना रोग असेल असे सांगितले. आता हीच माहिती माणसांच्या संख्येत मांडावी: हजार स्त्रियांपैकी दहा जणींना रोग आहे आणि त्यांपैकी नऊ जणींच्या तपासणीत तो दिसला, उरलेल्या ९९० निरोगी स्त्रियांपैकी सुमारे ८९ जणींच्या तपासणीतही दोष दिसला. म्हणजे दोष निघालेल्या एकूण ९८, त्यांत खऱ्या रुग्ण नऊ. अकरांत जेमतेम एक. या रीतीला नैसर्गिक वारंवारता म्हणतात, आणि ती शिकवल्यावर त्याच तज्ज्ञांपैकी ८७ टक्के जणांचे उत्तर बरोबर आले. संभाव्यतेचा जो नियम अठराव्या शतकातील थॉमस बेझ यांच्या नावाने ओळखला जातो आणि जो पदवीच्या वर्गातही विद्यार्थ्यांना घाम फोडतो, तो येथे साध्या मोजणीने हाती आला. गणित तेच राहिले, बदलले ते फक्त त्याचे लेखन.

केंब्रिजमध्ये हे काम डेव्हिड स्पीगेलहाल्टर यांनी पुढे नेले. वैद्यकीय सांख्यिकीत मोठे नाव मिळवलेल्या या संशोधकाची २००७ साली ‘जोखमीचे लोकाकलन’ या विषयाच्या नव्या अध्यासनावर नियुक्ती झाली. अध्यासनाला पैसा दिला तो विंटन या गुंतवणूक व्यवसायाने, ज्याचे संस्थापक डेव्हिड हार्डिंग यांची सारी मिळकत बाजाराच्या सांख्यिकीय विश्लेषणातून आली होती. बर्लिनमध्ये गिगेरेन्झर यांच्या जोखीम-साक्षरता केंद्रालाही त्यांनीच साहाय्य केले. आकड्यांतून मिळालेला पैसा लोकांना आकडे कळावेत म्हणून खर्च व्हावा यात औचित्य आहे, पण इतके सार्वजनिक काम एका धनिकाच्या मर्जीवर उभे राहावे यात धोकाही आहे. ब्रिटिश सरकारने २०१४ च्या संशोधन-मूल्यमापनात समाजावरील परिणामाला २० टक्के आणि २०२१ मध्ये २५ टक्के वजन दिल्यापासून विद्यापीठांना हे काम करण्याचे सरकारी कारणही मिळाले. त्यातून उत्साहाबरोबरच श्रोत्यांची डोकी मोजून अहवाल भरण्याची सवयही वाढली. किती लोक आले हे मोजता येते, त्यांच्या विचारात काय बदलले हे तितक्या सहज मोजता येत नाही.

२०१६ मध्ये केंब्रिजच्या गणित विभागात जोखीम आणि पुरावा यांच्या संप्रेषणाचे केंद्र सुरू झाले, तेव्हा त्याने स्वतःवर एक बंधन घालून घेतले: लोकांना माहिती द्यायची, त्यांचे मन वळवायचे नाही. म्हणायला सोपे असलेले हे बंधन पाळायला कठीण आहे, कारण लोकांनी लस घ्यावी किंवा तपासणी करावी अशी ज्याची मनापासून इच्छा आहे त्याला सोयीचा आकडा पुढे करण्याचा मोह होतोच. एखाद्या उपायाने वाचणारे लोक सांगायचे असतील तर त्याच चित्रात त्याने अपाय होणारेही दाखवायचे, दोन्हींचा छेद एकच ठेवायचा, म्हणजे एक आकडा शंभरांत आणि दुसरा लाखांत अशी गल्लत करायची नाही, आणि आकड्याबद्दलची अनिश्चितता लपवायची नाही, असे त्याचे नियम होते. अनिश्चितता सांगितली की लोकांचा विश्वास उडतो, ही अधिकाऱ्यांची जुनी भीती. केंद्राच्या संशोधकांनी ती प्रत्यक्ष प्रयोगांनी तपासली आणि २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले: आकडा ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असा सांगितल्याने त्यावरचा विश्वास फारच थोडा घटतो, ‘थोडाफार कमीजास्त असू शकेल’ अशा मोघम शब्दांनी मात्र तो अधिक घटतो.

या सगळ्याची कसोटी एप्रिल २०२१ मध्ये लागली. ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि ॲस्ट्राझेनेका यांच्या कोविड लशीनंतर अत्यंत क्वचित प्रसंगी रक्ताच्या धोकादायक गुठळ्या होत असल्याचे दिसून आले होते, आणि ७ एप्रिलला ब्रिटनच्या उपमुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी पत्रकार परिषदेत जी चित्रे दाखवली ती केंब्रिजच्या या केंद्राने तयार केली होती. एका बाजूला एखाद्या वयोगटातील लाख लोकांना लस दिल्याने सोळा आठवड्यांत किती जण कोविडमुळे अतिदक्षता विभागात जाण्यापासून वाचतील, दुसऱ्या बाजूला त्याच लाखांत किती जणांना लशीमुळे गंभीर अपाय होईल. संसर्ग कमी असताना साठ ते एकोणसत्तर वयोगटात वाचणारे १४.१ आणि अपाय होणारे ०.२, वीस ते एकोणतीस वयोगटात मात्र वाचणारे ०.८ आणि अपाय होणारे १.१. तीस वर्षांखालील लोकांना शक्यतो दुसरी लस द्यावी, हा सल्ला त्याच दिवशी जाहीर झाला आणि तो का दिला हे समजायला कोणत्याही सूत्राची गरज उरली नाही. ‘लस सुरक्षित आहे’ किंवा ‘लस धोकादायक आहे’ या दोन्ही वाक्यांपेक्षा ते चित्र अधिक प्रामाणिक होते.

त्या चित्रमालेत आणखी एक गोष्ट होती, जी घाईत पाहणाऱ्याच्या नजरेतून सुटण्यासारखी होती. संसर्गाचे प्रमाण दहापट धरून काढलेल्या दुसऱ्या चित्रात त्याच वीस ते एकोणतीस वयोगटाचा लाभ ०.८ वरून ६.९ वर जात होता आणि अपाय १.१ वरच राहत होता, म्हणजे तीच लस, तेच वय आणि तरी हिशेब उलटा. हीच लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये कोविशील्ड या नावाने तयार होत होती आणि त्याच एप्रिलमध्ये भारतात दुसरी लाट चढत होती. ब्रिटनमध्ये तरुणांना दुसरी लस देण्याचा निर्णय ज्या पहिल्या चित्रावर उभा होता, ते चित्र ओसरत्या संसर्गाच्या देशाचे होते. ते तसेच उचलून येथे लावणे गणिताच्या दृष्टीने चूक ठरले असते. येथल्या तरुणासाठी तसेच चित्र काढायचे तर येथील संसर्गाचा वेग, येथील वयोगटवार अतिदक्षता दाखल्यांची नोंद आणि येथे आढळलेल्या गुठळ्यांची मोजणी, हे तिन्ही आकडे आधी हाताशी असावे लागतात.